पोरीले विचारा

देवळीच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला प्रफुलचं कृषी केंद्र लागतं. दुकान लहान, पण माणूस हुशार. शेतकरी खिशातून चुरगळलेलं पान काढून काउंटरवर ठेवायचे आणि प्रफुल ते उलटंपालटं करून, उजेडाकडे धरून सांगायचा, हा करपा, हा मावा, आणि याला काहीच झालेलं नाही, काका, पाणी जास्त झालं आहे, दोन दिवस दम धरा. बाकीचे दुकानदार पान बघायच्या आधीच बाटली पुढे करतात. हा गरज नसेल तर औषध न देता परत पाठवायचा, म्हणून आसपासच्या पंधरा-वीस गावांत त्याच्या शब्दाला वजन होतं. वय चाळिशीला एक कमी. अंगानं सडपातळ, बोलायला गोड, आणि बायांशी तर इतका अदबशीर की म्हाताऱ्या शेतकरणी आपापल्या लेकांना त्याचं उदाहरण द्यायच्या. त्या उदाहरणाचं पुढे काय झालं, ते सांगायचं आहे.

प्रफुलची एक रीत होती. प्रत्येक रोगाचे फोटो त्यानं मोबाइलमध्ये जमवून ठेवले होते. गिऱ्हाइकानं आणलेलं पान काउंटरवर ठेवायचं, त्याच्या शेजारी मोबाइल ठेवायचा आणि म्हणायचं, "आता तुमीच पाहा, जुळते का नाई." शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पटलं की तो औषधाबद्दल हुज्जत घालत नाही. ऑगस्टमध्ये रुख्माबाई नावाची एक बाई सोयाबीनचं पिवळं पडलेलं पान घेऊन आली. प्रफुलनं मोझॅक रोगाचा फोटो उघडून दिला आणि तो मागच्या खोलीत फवारणीचा पंप आणायला गेला. आजकाल म्हाताऱ्यांनाही बोटानं फोटो सरकवता येतात, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही. रुख्माबाईनं एक पान सरकवलं, दुसरं सरकवलं, तिसरं सरकवलं. पुढचा फोटो पानाचा नव्हता.

काय होता ते मी लिहीत नाही. रुख्माबाईनंही कोणाला धड सांगितलं नाही. तिनं मोबाइल पालथा ठेवला, आपलं पान उचललं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि औषध न घेता दुकानातून उतरली. प्रफुल पंप हातात घेऊन बाहेर आला तेव्हा काउंटरवर फक्त पालथा मोबाइल होता. त्याला कळायचं ते कळलं. तो खताच्या पोत्यावर बसला.

चार दिवसांत गोष्ट घरी पोचली. त्याच्या बायकोनं, हर्षानं, आरडाओरड केली नाही. मुलगी आकांक्षा शाळेत होती. हर्षानं त्याच्याकडून मोबाइल मागून घेतला आणि दुपारभर तो घेऊन बसली. फोटो आणि व्हिडिओ एवढंच असतं तर तिनं एकवेळ पुरुषांच्या जातीला शिव्या देऊन विषय संपवला असता. पण अनोळखी बायांशी रोजच्या रोज व्हिडिओ कॉल होते. दिवसातून तीन-तीन, चार-चार. आणि नागपूरला कंपनीची मीटिंग म्हणून गेला त्या दोन तारखांना लॉजच्या बुकिंगचे निरोप होते. तो जेवायला आला तेव्हा तिनं ताटाच्या जागी मोबाइल ठेवला.

"हे कवापासून?"

"अवो, ग्रुपवर येते काई काई. लोकं पाठवतात."

"मी तुमाले काय इचारलं?"

खरं सांगायचं तर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते इतकं जुनं होतं की तोंडात येईना. सोडायचा प्रयत्न त्यानं केला नव्हता असं नाही. शेगावला जाऊन शपथ घेतली होती. शनिवार धरले होते. एकदा तर चांगला चालता मोबाइल दगडानं फोडला होता आणि तिसऱ्या दिवशी नवा आणला होता. दर वेळी आठ-दहा दिवस निघायचे, मग एखाद्या दुपारी हात आपोआप तिकडे जायचा. नंतर अर्धा तास स्वतःची किळस यायची. किळस सहन होईना म्हणून पुन्हा तेच. यात मजा होती असं कोणाला वाटत असेल तर त्यानं प्रफुलचा त्या वेळचा चेहरा पाहायला हवा होता.

हर्षा दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन माहेरी गेली, सेलू तालुक्यात हिंगणीला. जाताना एवढंच म्हणाली, "पहिले डॉक्टरले दाखवा. मंग बोलू. नाईत आमच्या घरचे बैठक बसवतीन."

प्रफुलचे वडील सदाशिवराव सत्तरीचे. आयुष्यभर शेती केली, बायकोशिवाय पोरगा वाढवला, आणि दोन्ही गोष्टी दात आवळून केल्या. सगळा प्रकार ऐकून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बाईमानसाच्या हातात फोन कायले देल्ला बे?" त्यांच्या मते चूक तेवढीच होती. त्या घरात दुःखाबद्दल बोलणं कधी झालंच नव्हतं, आता काय होणार?

प्रफुल वर्ध्याला गेला. तोंडाला मास्क लावून, देवळीचं कोणी दिसतं का ते बघत, तो मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसला. डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या, त्याच्याच वयाच्या. तो उठून परत जाणार होता, पण नाव पुकारलं गेलं. आत गेल्यावर गोळ्या मिळतील किंवा झाडाझडती होईल, अशी त्याची कल्पना होती. दोन्ही झालं नाही. बाईंनी विचारलं, "हे करायच्या आधी, अगदी पाच मिनिटं आधी, काय झालेलं असतं?"

"काई नाई. मन होते."

"तुम्ही पिकांचे डॉक्टर आहात म्हणालात. शेतकरी सांगतो पान पिवळं पडलं. तेवढ्यावर औषध देता?"

"नाई. इचारतो ना. पानी कवा देल्लं, आधी काय पेरलं होतं, मूळ उपटून पाह्यलं का."

"मग स्वतःचंही विचारा," बाई म्हणाल्या आणि एक वही घ्यायला लावली. जेव्हा जेव्हा हात मोबाइलकडे जाईल तेव्हा वार, वेळ आणि त्याच्या आधी काय घडलं, एवढं लिहायचं. बाकी काही लिहायचं नाही, लाजही लिहायची नाही.

तीन आठवड्यांनी तो वही घेऊन गेला. अक्षर गिचमिड, मजकूर थोडा. *सोमवार, दुपारी तीन. हर्षाचा फोन आला होता, तिनं लवकर ठेवला. गुरुवार, सहा वाजता. आकांक्षा म्हणाली आता जेवायला जाते बाबा, ठेवते. शनिवार. हरिदास दोन दिवस लग्नाला गेला, दुकानात एकटाच होतो.* हरिदास म्हणजे दुकानातला जुना नोकर. *मंगळवार. बाबा शेतावर गेले, घरी कोणी नाही.* बाईंनी पानं वाचली आणि वही त्याच्याकडे फिरवली.

"यात 'मन होते' असं कुठे लिहिलंय?"

त्यानं पुन्हा वाचलं. कुठेच नव्हतं. प्रत्येक नोंदीत कोणीतरी निघून जात होतं. तो उगाच हसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम.

"आई आहेत?" बाईंनी विचारलं.

"नाई. म्हंजे, मी नऊ वर्षांचा होतो तवा आम्हाले टाकून गेली. आष्टीले, माहेरी. मंग फारकत झाली."

हे वाक्य त्यानं आयुष्यात शंभर वेळा म्हटलं होतं, आडनाव सांगावं तसं. बाईंनी विचारलं तेव्हा पुढचं पहिल्यांदा आलं. तेराव्या वर्षी शाळेतून येऊन तो स्वतःच कुलूप उघडायचा, चुलीवरचा थंड भात खायचा, आणि संध्याकाळी बाबा येईपर्यंत घरात नुसतं भिंतीवरचं घड्याळ वाजायचं. रडायची सोय नव्हती. आई गेल्यावर एकदा रडला तर बाबा दोन दिवस जेवले नव्हते, तेव्हापासून त्यानं ते बंद केलं होतं. अशाच एका दुपारी शेजारच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली त्याला तसलं मासिक सापडलं. "घर रिकामं हाय हे मी तासभर इसरलो, मॅडम. पहिल्यांदा इसरलो." पुढे कॉलेज, दुकान, लग्न, सगळं झालं. सवय मागे राहिली, पण आटोक्यात होती. ती आटोक्याबाहेर कधी गेली तेही त्याला तारखेसकट माहीत होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आष्टीहून मामांचा फोन आला की तुझी आई गेली. लॉकडाऊन होता, न जायला बरं कारण मिळालं. घरी कोणाला न सांगता तो दुकानात गेला, शटर आतून पाडून घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोबाइलवर एका अनोळखी बाईला कॉल लावला. बाई हिंदी बोलणारी, पैसे घेऊन बोलणारी. तिनं धंद्याच्या सवयीनं सुरुवातीला विचारलं, "खाना खाया क्या?"

"त्यावर मी रडलो," प्रफुल म्हणाला. "ती घाबरली बिचारी. तिनं कट केला. मंग मी दुसरीले लावला."

डॉक्टर बाईंनी वही मिटून त्याच्याकडे दिली. मग म्हणाल्या, "तुम्ही जे शोधताय ते त्या कॉलमध्ये मिळणार नाही, आणि मिळत नाही म्हणूनच तुम्ही पुन्हा पुन्हा लावता. पण एक नीट ऐका. कारण सापडलं म्हणजे माफी मिळाली असं नाही. तुमच्या बायकोचं जे मोडलं ते मोडलंच आहे." निघताना त्यांनी आणखी विचारलं, "आई घर सोडून गेली त्या दिवसाचं काही आहे का, जे तुम्ही सांगितलं नाही?" तो 'नाही' म्हणाला. खोटं बोलला.

इकडे हिंगणीच्या लोकांना एवढा धीर नव्हता. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी समाजाची बैठक ठरली. कोर्टकचेरी पुढे काय व्हायची ती होईल, पण आधी चार माणसांत बसायचं, दोन्हीकडचं ऐकायचं आणि मान्य झालं तर कागद करायचा, ही आपली जुनी पद्धत. चांगली का वाईट ते ज्यानं त्यानं ठरवावं. मूल जाणतं असेल तर त्याला मधोमध बसवून सगळ्यांसमोर विचारायचं, आईजवळ राहशील का बाबाजवळ. लेकराच्या तोंडून निघेल त्यावर मग सहसा कोणी वाद घालत नाही. लोकांना यात मोठा न्याय दिसतो. लेकरू काय बोललं हेच सगळे ऐकतात, ते बोलताना त्याचं काय होतं ते कोणी बघत नाही.

सदाशिवरावांना हुरूप आला. हर्षा गेली तर गेली, पण नात सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि त्यांची बाजू पक्की होती, कारण आकांक्षा बापाची लाडकी. नऊ वर्षांची पोर, पण शाळा सुटली की दुकानात येऊन काउंटरवर बसायची, औषधांची अवघड नावं मोठ्यानं वाचायची, बाबांच्या ताटातला शेवटचा घास तिचा. झोपताना बाप नसेल तर तिला झोप यायची नाही. घडलेलं तिला काही माहीत नव्हतं. आई भांडून आली, एवढंच तिला कळत होतं, आणि आईचा रागही आला होता. तिला विचारलं तर ती काय म्हणेल, हे हिंगणीच्या पाट्या-वरवंट्यालाही ठाऊक होतं.

"बाकी कायच्यावर बी अडू नको," सदाशिवराव प्रफुलला म्हणाले. "फक्त म्हनजो, पोरीले विचारा. झालं आपलं काम."

प्रफुललाही तेच हवं होतं, लपवून काय उपयोग? हर्षा परत येणार नाही हे त्याला दिसत होतं. रिकाम्या घराची त्याला इतकी धास्ती बसली होती की आकांक्षा मिळणार या एका आशेवर तो दिवस ढकलत होता. तिच्यासाठी कपाटातला एक कप्पा त्यानं रिकामा करून पुसूनही ठेवला होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो दुकानातून लवकर आला. सदाशिवराव घरापुढच्या छपरीत पाठमोरे बसून नातीशी फोनवर बोलत होते. म्हातारा इतकं मऊ बोलू शकतो हे प्रफुलला माहीतच नव्हतं.

"आईजवळ मामा हाय, आजी हाय. बाबाजवळ कोन हाय, सांग बरं? तू नाई आली त बाबा एकटे पडतीन बेटा. जेवतीन बी नाई. मंग बाबाले काई झालं त?"

पलीकडून आकांक्षा काहीतरी बोलली. सदाशिवराव म्हणाले, "शाबास माह्या वाघा. तेच म्हनजो."

प्रफुल दारातच उभा राहिला. बापाच्या हातून फोन हिसकावून घ्यावा असं एकदा वाटलं, पण तो आवाज न करता मागच्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावलं. पुढे त्यानं काय केलं ते सांगायची गरज नाही. सव्वा महिना तो नीट राहिला होता, तो नेम त्या संध्याकाळी मोडला. नंतर त्यानं वही काढली. *शुक्रवार. बाबा आकांक्षाला शिकवत होते,* एवढं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं.

रविवारी बापलेक मोटरसायकलवर हिंगणीला पोचले. हर्षाच्या माहेरच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. वीसेक माणसं असतील. मध्यभागी लक्ष्मणराव, ऐंशीकडे झुकलेले, समाजातलं सगळ्यात मानाचं माणूस. तीस-चाळीस वर्षं त्यांच्याशिवाय बैठक बसलेली नाही. बाया घरात, दाराशी. हर्षा चौकटीला टेकून उभी होती. ती बरीच वाळली होती. प्रफुलनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हर्षाचा भाऊ सचिन बोलायला उठला आणि दहा मिनिटं आग ओकत राहिला. त्यात खोटं काही नव्हतं. लक्ष्मणरावांनी प्रफुलला विचारलं, "हे खरं हाय का?"

"खरं हाय."

एवढ्या सरळ उत्तराची कोणाला सवय नव्हती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. लक्ष्मणराव खाकरले. "नवरा-बायकोचं पाहू मंग. पहिले लेकराचं मिटवू."

"पोरीले विचारा," सदाशिवराव लगेच म्हणाले.

आकांक्षाला आणलं. तिला नवा फ्रॉक घातला होता, वेण्या घट्ट बांधल्या होत्या. ती सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसली, बिस्किटाचा पुडा कोणीतरी तिच्या हातात दिला. तिनं गर्दीतून बापाला शोधलं आणि त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली, काळजी करू नका, मला पाठ आहे, अशी. पण पुडा तिनं इतका आवळला होता की आतली बिस्किटं मोडल्याचा आवाज आला.

"भेऊ नको बाई," लक्ष्मणराव म्हणाले. "सगळे आपलेच हाय. सांग, कोनाजवळ राहशीन? आईजवळ का बाबाजवळ?"

आकांक्षानं तोंड उघडलं.

"तिले विचारू नका!"

प्रफुल उभा राहिला होता. स्वतःचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. सदाशिवरावांनी खालून त्याच्या शर्टाला हिसका दिला, "बस, अबे बस, आपल्याच बाजूनं होऊन राह्यलं." तो बसला नाही.

"हर्षा, तिले अंदर ने," तो म्हणाला. हर्षा पुढे आली आणि मुलीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. मुलीला आत ठेवून, दार ओढून हर्षा पुन्हा चौकटीशी येईपर्यंत तो थांबला. मग लक्ष्मणरावांकडे वळला.

"काका, तीस वर्षांपहिले तुमी मले असंच मधात बसवलं होतं. देवळीले, आमच्याच अंगनात. माही माय त्या खांबाजवळ बसली होती. तुमी म्हनलं, भेऊ नको बापू, कोनाजवळ राहशीन?"

सदाशिवरावांनी त्याचा शर्ट सोडला.

"आदल्या दिवशी जयवंता आत्यानं मले शिकवलं होतं. तू मायसंगं गेला त बाप जीव देईन. मी नऊ वर्षांचा. मले वाटलं, बाबाले जिवंत ठेवाचं असन त एकच इलाज हाय. माय माह्याकडे पाहून हासून राह्यली होती. तिले वाटलं पोरगं आपलंच नाव घेते. मी म्हनलं, मले मायजवळ नाई राहाचं. वीस मानसांत म्हनलं. ती उठली, चप्पल घातली, अन् गेली. मांगं पाह्यलं नाई तिनं."

तो बोलत राहिला. "मी जन्मभर सांगत आलो, मायनं मले टाकलं. तिनं नाई टाकलं. मीच तिले टाकलं. ती मेली तवा बी मी गेलो नाई, कोन्या तोंडानं जाऊ? त्या दिवशी फोनवरच्या एका परक्या बाईनं जेवले का म्हून इचारलं, अन् मी तिथंच अडकलो. ते जे मी करतो मोबाइलवर, ते घाणच हाय. त्याले मी माय पुढं करून झाकून नाई राह्यलो. हर्षाचा गुन्हेगार मी हाय, अन् मीच राहीन. पन माह्या पोरीच्या तोंडून हे नका वदवू. पोरगी आईजवळ राहीन. मी लिहून देतो. आत्ता देतो."

लक्ष्मणरावांनी मान हलवली. "मले नाई आठवत बापू," ते हळूच म्हणाले. "इतक्या बैठकी झाल्या. मले खरंच नाई आठवत."

सदाशिवरावांना आठवत होतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि ते सतरंजीच्या काठाचे दोरे उपटत होते. मुलाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पुढे काय बोलावं हे कोणालाच सुचेना, म्हणून चहा आला. कागद झाला. मुलगी आईकडे, बापानं महिन्यातून दोनदा भेटायचं, तेही हर्षा म्हणेल तिथं आणि तिच्यासमोर. प्रफुलनं सही केली.

तो पायात चप्पल घालत होता तेव्हा हर्षा बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाजात दया नव्हती.

"बारा वर्षं झाले लग्नाले," ती म्हणाली. "माह्याजवळ झोपले, माह्या हातचं खाल्लं. हे मले सांगाले तुमाले बैठक लागली? मी इचारलं नसतं का, जेवले का म्हून? रोज इचारत होती मी. तुमाले ऐकू नाई आलं."

प्रफुलला डॉक्टरांनी इतकं समजावलं होतं, पण असं कोणी बोललं नव्हतं. ताट समोर ठेवून रोज विचारणारी बाई घरात होती आणि तो शटर पाडून दुसरीकडून तेच विकत घेत होता. ती वळून आत गेली. तिनं त्याला परत बोलावलं नाही, आणि तसं तिनं बोलवावं असं मलाही वाटत नाही.

मोटरसायकलजवळ आकांक्षा उभी होती. मागच्या दारानं पळून आली असावी. रागानं तिचं नाक लाल झालं होतं.

"मले बोलूच नाई देल्लं तुमी. मी बाबाच म्हननार होती."

"मले माहीत हाय बेटा."

"मंग काऊन नाई बोलू देल्लं? मी तुमाले नको हाय का?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. जवळ घ्यावं असं फार वाटत होतं, तरी त्यानं आधी तिचे दोन्ही हात धरले. मोडलेल्या बिस्किटांचा चुरा अजून तिच्या बोटांना होता.

"माह्याकडे पाह्य. तू आज कोनालेच 'नाई' म्हनली नाई. आईले बी नाई, मले बी नाई. तू काईच बोलली नाई. हे ध्यानात ठेवजो. कोनी इचारलं त हेच सांगजो."

तिला यातलं काही समजलं नाही. तिनं हात सोडवून घेतले, डोळे पुसले आणि पाय आपटत घराकडे निघाली. हर्षा दारात आली होती. पोर एवढी मोठी झाली होती, तरी तिनं तिला उचलून कडेवर घेतलं.